मातीवर हात

वस्तादांनी मला मांडवामागं बोलावलं तेव्हा माझ्या डाव्या कानातून अजून रक्त येत होतं. उपांत्य कुस्तीत समोरच्या मुलीचं डोकं लागलं होतं. कानात कापूस कोंबून मी गेले. मागं जनरेटर धडधडत होता, म्हणून वस्तादांनी तोंड माझ्या उजव्या कानाशी आणलं.

"पद्मा, किती वर्षांची झालीस?"

"वीस."

"आणि आक्काताई?"

"सव्वीस संपत आली."

"भरतीत वयाची अट असती. म्हाईत हाय न्हवं?"

माहीत होतं. तालमीत सगळ्यांनाच माहीत होतं. राज्य स्पर्धेत सोन्याचं पदक मिळवणाऱ्या मुलीला खेळाडूंच्या जागेवर पोलिसात घेत होते. आक्काताईचं वय पुढच्या मार्गशीर्षात अटीबाहेर जाणार होतं. तिला हे एकच वर्ष उरलं होतं.

"दुपारची कुस्ती सोडायची," वस्ताद म्हणाले.

मी कानातला कापूस दाबला.

"वस्ताद, आक्का मला तशीबी रोज पाडतीया."

"तालमीत पाडती. इथं पंच हाय, घड्याळ हाय. सकाळी बघितलीस न्हवं? दोन वर्षं सोनं नेणारी पोरगी पहिल्याच फेरीत चित झाली. कुस्तीचा काय नेम? मला नेम नको, खात्री पायजे." ते थांबले. "तुझी अजून चार-पाच वर्षं हायत. तिचं भाऊ वेगळं निघालं, घरात म्हातारी आणि मेंढरं. काय करायचं, तूच सांग."

मी मान हलवली. त्यांना तेवढं पुरलं नाही. त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढून उघडली. तिच्यात आमच्या तालमीच्या हौद्यातली माती असायची, ताक, तेल, हळद घालून मळलेली, तांबूस. आम्ही मॅटवर खेळायला लागलो तरी कुस्तीआधी त्या मातीचं बोट कपाळाला लावल्याशिवाय वस्ताद कुणाला सोडत नसत.

"हात ठेव."

मी मातीवर हात ठेवला.

"आक्काला यातलं काही कळता कामा नये," ते म्हणाले. "तिला कळलं तर ती चढणारच न्हाई मॅटवर."

ही वेळ माझ्यामुळं आली होती. एका तालमीतल्या दोघांची जोड लावायची नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. रोज एकमेकींना मातीत घोळवायचं, पण चारचौघांत समोरासमोर उभं राहायचं नाही. म्हणून वस्तादांनी आक्काताईचं नाव पंचावन्न किलोत घातलं होतं आणि माझं एक्कावन्नमध्ये. मी आठ दिवस एका भाकरीवर होते. वजनाच्या आदल्या संध्याकाळी आईनं बांधून दिलेल्या डब्यातले दोन बेसनाचे लाडू खाल्ले, वर पाणी प्याले. सकाळी काट्यावर सहाशे ग्रॅम जास्त. संयोजकांनी उपकार केल्यासारखं माझं नाव वरच्या गटात ओढलं. तेव्हा कुणाला वाटलं होतं, मी अंतिम फेरीत पोचेन म्हणून.

मांडवात आक्काताई बाकावर केळी खात बसली होती. तिचं नावच आक्काताई. बंडगरांच्या घरात चार मुलग्यांनंतर झालेली, म्हणून लाडानं ठेवलेलं. त्यामुळं तिला पंचही आक्काताई म्हणत आणि साठीचे वस्तादही. मी तालमीत आले तेव्हा तेरा वर्षांची होते. पहाटेची माती मुलांची. आम्हा मुलींना दुपारी दोन ते पाच मिळायचे, पत्रे तापलेले असायचे तेव्हा. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, "अंडी खातीस?" नाही म्हटलं. "मटण?" आम्ही जैन, म्हटलं. "कांदा, बटाटा?" तेही नाही. "मग काय मेथी खाऊन कुस्ती करणार?" त्या दिवसापासून मी मेथी. घरच्यांनी मात्र बदाम आणि म्हशीचं दूध कधी कमी पडू दिलं नाही.

"काय म्हणाले वस्ताद?" तिनं विचारलं.

"कानाला बर्फ लाव म्हणाले."

"आणि एवढा वेळ?"

"जनरेटर होता. ऐकू येईना."

तिनं अर्धं केळं माझ्यापुढं धरलं. "खा. मेथीला चालतंय न्हवं?"

"आक्का, जिंकलीस तर पहिल्या पगारात काय घेणार?"

"आईच्या पायात चप्पल. जन्मभर मेंढरांमागं हिंडली, टाचा बघ तिच्या." ती हसली. "आणि तू जिंकलीस तर?"

"मी कशाला जिंकतोय."

"अगं, म्हण की नुसतं."

मी उरलेलं केळं तोंडात कोंबलं. तेवढ्यात वस्ताद आले आणि तिला बाजूला घेऊन गेले. पाण्याच्या टाकीजवळ ते तिच्याशी बोलले. तिनं मान खाली घातलेली होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी लांबून हे सगळं पाहिलं आणि मला बरं वाटलं.

साखर कारखान्याच्या मैदानावर मॅट टाकली होती. तीन बाजूंनी ऊसतोडीच्या गाड्यांवर चढून माणसं बसली होती. आक्काताई लाल पोशाखात, मी निळ्या. वस्तादांनी दोघींच्या कपाळाला माती लावली. माझ्या कपाळावर त्यांचं बोट जरा जास्त वेळ टेकलं.

तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. शिट्टी झाली, हातात हात आले. मी डावा पाय पुढं ठेवला. हा पाय पट काढून आक्कानं सात वर्षं ओढला होता. झोपेतही ओढला असता. तिनं तो पाहिला आणि ती सरळ उभी राहिली.

मला वाटलं, दबकत असेल. मी आणखी पुढं झाले, मान खाली घातली, तिला खांदा दिला. तिनं खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. आम्ही गोल फिरत राहिलो. एक मिनिट गेलं. गाडीवरून कुणीतरी ओरडलं, "फुगडी घाला गं, फुगडी!" माणसं हसली. पंच दुसऱ्या जिल्ह्यातले, शाळेत शिक्षक असावेत. त्यांनी आम्हांला मधोमध उभं केलं. "मुलींनो, ही कुस्ती आहे. लढा."

आम्ही पुन्हा धरलं आणि पुन्हा तसंच फिरलो. पहिली फेरी शून्य-शून्य. पंचांनी दोघींना ताकीद दिली आणि मध्यंतरात वस्तादांकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "पुढच्या फेरीत हेच चाललं तर दोघींना बाद करीन. सोनं कुणालाच नाही."

वस्ताद दोन्ही कोपऱ्यांच्या मध्ये उभे होते, कारण दोन्ही मुली त्यांच्याच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. मला खरंच कळत नव्हतं. मी पडायला तयार होते, पण मला कुणी पाडतच नव्हतं. आपण होऊन पाठ टेकली असती तर आंधळ्यालाही कळलं असतं.

दुसरी फेरी सुरू झाली. मी तिच्या मानेत हात घातला, कपाळाला कपाळ टेकवलं आणि ओठ न हलवता म्हटलं, "पट काढ की."

"तू काढ."

"आक्के, पाय पुढं ठेवलाय माझा."

"दिसतोय. म्हणूनच काढत न्हाई."

"बाद करतील दोघींना. काढ गप."

"तुला काय झालंय?" तिचा श्वास माझ्या नाकावर येत होता. "ताप हाय? कान दुखतोय?"

पंच आमच्याभोवती फिरत होते. ते मागच्या बाजूला गेले तसं मी सांगून टाकलं. "वस्तादांनी सांगितलंय. तुला सोड म्हणून. मातीवर हात ठेवलाय मी. आता पाड मला आणि मोकळी हो."

 मला तिच्या मानेतली शीर माझ्या मनगटाखाली उडताना कळत होती. मग ती म्हणाली, "मला बी."

"काय तुला बी?"

"मला बी तेच सांगितलंय. टाकीजवळ. तुला सोड म्हणून. मी बी मातीवर हात ठेवलाय."

पंचांची शिट्टी झाली. "निळी, लाल, शेवटची ताकीद."

मधोमध उभं राहीपर्यंत जे चार-पाच सेकंद मिळाले, त्यांत मी वस्तादांकडं पाहिलं. ते टॉवेल पिळत होते. हा माणूस मला एक सांगतो, तिला उलटं सांगतो, मग त्याला हवंय काय? आमची गंमत बघतोय? की त्याला ठरवताच आलं नाही, म्हणून दोघींच्या गळ्यात एकेक शब्द अडकवून तो बाजूला झाला? मी त्यांच्यासाठी नोकरीवर पाणी सोडलं होतं. तिनंही सोडलं होतं. दोघींचंही पाणी मातीत गेलं होतं. 

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. कुस्ती कर." ती म्हणाली आणि त्याच क्षणी खाली गेली.

डावा पाय. मी मॅटवर आपटले ती कानावर. डोळ्यांपुढं पांढरं झालं. एक गुण लालला. वरून ती दाबत होती ते नाटक नव्हतं. तिचं कोपर माझ्या बरगडीत शिरलं होतं. मी कशीबशी सुटले, उठले, आणि त्यानंतर जे मिनिट-दीड मिनिट झालं तशी कुस्ती मी तिच्याशी आधी कधी केली नव्हती. तालमीत आम्ही एकमेकींना सांभाळून खेळायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याशीच खेळायचं असायचं. त्या दिवशी दुसरा दिवस नव्हता. तिनं माझी बोटं पिळली. मी तिच्या हनुवटीखाली डोकं घातलं. गाड्यांवरची माणसं शिट्ट्या मारायची थांबून उभी राहिली होती.

वीसेक सेकंद उरले असतील. तिचा उजवा हात माझ्या काखेत अडकला आणि मी ढाक मारली. हात आवळायचा, कंबर खाली घालायची आणि पाठीवरून फेकायचं, हा माझा एकमेव डाव. सात वर्षांत तो तिच्यावर तीनदा बसला होता. कारण तिला तोड माहीत होती, ती पाय आत अडकवायची. मी फिरले आणि त्या पायाची वाट बघत होते. पाय लागला नाही. ती माझ्या पाठीवरून गेली, दोन्ही खांदे टेकले आणि पंचांनी मॅटवर हात आपटला.

मी तिच्या अंगावर तशीच पडून राहिले. "ऊठ," ती म्हणाली. "जड हायस."

वस्ताद हळूहळू चालत आले. आवाज अगदी खाली.

"शब्द का मोडलास?"

"तुम्ही दोघींना सांगितलंत."

"काय दोघींना?"

"सोडायला. मला तिच्यासाठी, तिला माझ्यासाठी. आक्का म्हणाली मला."

वस्तादांनी मान वळवली. आक्काताई मॅटच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. वर बघत नव्हती. ते बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

‘हो’ नाही की ‘नाही’ नाही. नुसतं बरं.

जिंकणाऱ्याला संयोजकांनी भगवा फेटा दिला होता. तो बांधायचा मान वस्तादांचा असतो. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि आक्काताईकडं दिला. "तू बांध." तिनं बांधला. इतका घट्ट बांधला की कोल्हापूर येईपर्यंत माझं कपाळ ठणकत होतं. गाडीत तिघं होतो, पण कुणी बोललं नाही. कराडला चहाला उतरलो तेव्हा फक्त तिनं विचारलं, "मेथे, बिनसाखरेचा?"

पाच महिन्यांनी मी भरती झाले. पुढच्या उन्हाळ्यात आक्काताईचं लग्न झालं, दुधाचा टँकर चालवणाऱ्या मुलाशी. हळद लावताना मी तिला एकटीला गाठलं. "आक्का, खरं सांग, वस्तादांनी तुला सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं की."

"मग ते मला शब्द मोडला का म्हणाले?"

"म्हातारं झालंय ते. गालाला नीट लाव, एकाच बाजूला लावायलीस."

मी नंतर आणखी पाच वर्षं खेळले. वस्ताद कोपऱ्यात उभे असत, डाव सांगत, पाणी देत. पण त्या दिवसानंतर त्यांनी माझ्या कपाळाला माती कधी लावली नाही. मी कुस्तीआधी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहायची. ते खिशाकडं हात न नेता म्हणायचे, "जा." मी समजले काय ते. शब्द मोडणाऱ्याला माती नाही. फौजदार झाले तेव्हा पेढे घेऊन गेले. त्यांनी पेढा खाल्ला, पाठीवर हात ठेवला. विचारायचं ते मी तेव्हाही विचारलं नाही. दोन वर्षांनी ते गेले.

त्या कुस्तीला सोळा वर्षं झाली होती. पोलीस मुख्यालयाच्या हॉलमध्ये मी सकाळी मुलींना शिकवते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी दारात आक्काताई उभी. अंगानं भरलेली, केस कानांपाशी पिकलेले. शेजारी बारा-तेरा वर्षांची मुलगी, तिच्याच हाडापेराची.

"मॅडम, भरती चालू हाय का?"

"आक्के," मी म्हणाले. 

मुलीचं नाव हर्षदा. तिला मी इतर मुलींबरोबर धावायला पाठवलं आणि आम्ही मॅटच्या कडेला बसलो. तिनं आई गेल्याचं सांगितलं. दूध संकलन केंद्र ती स्वतः चालवते, ते सांगितलं. मग हॉलभर नजर फिरवून म्हणाली, "हिला घे. पण एक अट हाय. हिला कधी कुणापुढं सोड म्हणायचं न्हाई. आणि कुणाला हिच्यापुढं सोड म्हणायचं न्हाई."

मी तिच्याकडं बघितलं.

"हात आण," ती म्हणाली.

मी हात पुढं केला. तिनं सलामीला धरतात तसं मनगट पकडलं. "रोज असा लागायचा तुझा हात." मग तिनं बोटं किंचित सैल केली. बघणाऱ्याला फरक दिसलाही नसता. "आणि त्या दिवशी असा. शिट्टी झाली तेव्हाच कळलं, ही पडायला आलीया. सात वर्षं धरलेला हात, मला दुसऱ्यानं सांगायला लागतंय व्हय? फक्त का ते कळंना. मग तूच सांगितलंस."

"म्हणजे टाकीजवळ..."

"टाकीजवळ म्हणाले, साखरेचं पाणी पी आणि बिनघोर लढ. एवढंच."

हॉलमध्ये मुलींच्या पायांचा आवाज गोल फिरत होता.

"मग का खोटं बोललीस? जागा हातात आली होती तुझ्या."

"राग आला," ती म्हणाली. "सात वर्षं मी तुला रोज पाडत होतो, मेथे. आणि त्या दिवशी तू मला सोडणार? मी जन्मभर तुझ्या दयेचा पट्टा कमरेला बांधून हिंडू? म्हटलं, हिला आधी उठवावं आणि मग नीट पाडावी. मला वाटलं, मीच जिंकतोय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "हरलो. भरतीची यादी लागली त्या दिवशी मेंढरं घेऊन लांब माळावर गेलो, कुणी येऊन सांगू नये म्हणून."

सोळा वर्षं मी ज्याच्याशी कुस्ती धरली होती ते मी शेवटी विचारलं. "आणि ढाक? तू पाय घातला नाहीस. तू नेहमी घालायचीस."

"घातला होता की."

"लागला नाही मला."

"लागला न्हाई कारण तू मला पायासकट उचललंस." ती माझ्याकडं थोडी वैतागूनच बघत होती. "एवढी वर्षं तुला काय वाटलं, मी सोडली?"

मी हो म्हणून मान हलवली.

"वस्तादांना हे माहीत होतं?"

"तिथंच कळलं त्यांना. कराडला तू तोंड धुवायला गेलीस तेव्हा म्हणाले, पोरीला खरं सांगतो, उगंच मी तिला बोललो. मी म्हटलं, सांगायचं न्हाई. सांगितलं तर हिला वाटणार, आपण फसवून जिंकलो. त्यांच्याच पुडीवर त्यांचा हात ठेवून घेतला."

"आणि मला माती लावायचं त्यांनी सोडून दिलं."

"कुठली लावतील?" आक्का म्हणाली. "पुडी मी काढून घेतली त्यांच्या खिशातली. म्हटलं, परत कुणाला असं सांगशीला. पेठ नाक्यापाशी तुझा डोळा लागला होता तेव्हा गाडीच्या खिडकीतून टाकली. त्यानंतर त्यांनी कुणालाच लावली न्हाई. तू बघितलं न्हाईस?"

मी बघितलं नव्हतं. मी फक्त माझं कपाळ बघत आले होते.

हर्षदा धावून आली आणि धापा टाकत आमच्यापुढं उभी राहिली. मी उठले, मॅटवर गेले आणि तिला समोर बोलावलं. "धर," म्हटलं. तिनं आधी आईकडं पाहिलं, मग माझं मनगट धरलं. फौजदाराचा हात म्हणून जपून, दोन बोटांत धरावं तसं.

"ढिला हाय," बाहेरून आक्काताई म्हणाली. "मेथे, सांग तिला."

"घट्ट धर," मी म्हणाले.